दिवेलागणीला मागितलेलं विरजण

जालन्यात घर बघायला निघालो त्या दिवशी माझ्या पिशवीत स्टीलचा एक लहानसा डबा होता, रिकामा. एसटीत बसल्यावर तो सुनेच्या नजरेला पडला.

"आत्याबाई, हा कशाला घेतला?"

"लागंल."

"पण ह्यात तर काहीच न्हाई."

"म्हणून तर घेतला."

ती हसली आणि खिडकीकडं तोंड करून बसली. तिच्या मांडीवर माझी नात, साडेचार वर्षांची. आमचं गाव, हसनाबाद, मागं पडलं तसा माझा डोळा लागला. उन्हाळ्यातली सकाळ, बाहेर रिकामी रानं, नांगरून पडलेली. अर्धवट झोपेत मला वाटत होतं की एसटी जागच्या जागी उभी आहे आणि रानंच आपली उठून मागं मागं घराकडं चालली आहेत. मला ते बरं वाटत होतं. आपल्याला कुठं जायचंच नाही, असं.

सगळं नीट सांगायचं तर थोडं मागून सांगते. माझा मुलगा एकुलता एक. जालन्याला लोखंडी सळयांच्या कारखान्यात कामाला. तिथंच दोघातिघांबरोबर एका खोलीत राहायचा आणि सुटीला हसनाबादला यायचा. यायचा म्हणजे काय, येऊन झोपायचा. पाळीचं काम, भट्टीची धग, अंगात काही उरायचंच नाही. नात त्याच्या उशाशी बसून त्याच्या दाढीवरून बोट फिरवत राहायची, आणि तो जागा व्हायचा तेव्हा त्याची परत जायची वेळ झालेली असायची. सून नर्स. गावातल्या दवाखान्यात तात्पुरती होती, तिला जालन्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात कायमची जागा मिळाली. जूनला नातीची शाळा सुरू होणार. म्हणजे तिघांनी एका घरात राहायचं, हे सगळं कसं आपणहून जुळून आलं होतं. अडलं होतं ते माझ्यापाशी. दोघं कामावर गेल्यावर लेकराकडं कोण बघणार? मी गेले तर सगळे जाणार. मी नाही म्हटलं तर सून नोकरीला नाही म्हणणार आणि पोरगी दाढीवरून बोट फिरवत बसणार. शेत पुतण्याकडं बटईनं आहे, म्हणजे तेही निमित्त मला नव्हतं.

मुलगा मला एकदाही "चल" म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "माय, मोहल्ला तू पसंद कर. आम्ही दोघं कामावर जाणार, दिवसभर तुलाच ऱ्हायचंय तिथं. तुझ्या मनाला न्हाई आलं तर न्हाई घ्यायचं."

असं म्हटलं की माणूस जास्तच अडकतं बघा. कोणी ओढलं तर हात सोडवून घेता येतो. कोणी नुसतं दार उघडं ठेवून बाजूला उभं राहिलं तर काय करावं?

जालन्यात घर बघायचं म्हणजे लोक पहिलं नळाचं विचारतात. नळ किती दिवसांनी येतो, टाकी केवढी, बोअरला पाणी आहे का. मुलानं ते सगळं मोबाइलमध्ये लिहून आणलं होतं. शाळा किती लांब, दवाखाना किती लांब, गाडी कुठं लावायची. माझी परीक्षा वेगळी होती. मी ठरवलं होतं, ज्या गल्लीत घर बघायचं तिथल्या दोन-तीन दारांवर जाऊन विरजण मागायचं. दूध लावायला चमचाभर दही, बाकी काही नाही. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं माझ्या हातात वाटी देऊन मला शेजारी विरजण आणायला पाठवलं होतं. मला वाटलं, घरात दही नाही. घरात मडकं भरून दही होतं. सासूला मला शेजारचं दार दाखवायचं होतं. पुढं त्याच दारात मी माझा मुलगा ठेवून भोकरदनच्या बाजाराला जायची, दवाखान्यात जायची, एकदा तर चार दिवस माहेरी जाऊन आले. तेव्हापासून मला पक्कं वाटतं, की चमचाभर विरजण देताना बाईचं तोंड कसं होतं त्यावरून तिच्याकडं लेकरू ठेवता येईल की नाही ते कळतं.

पहिलं घर शहराच्या कडेला, नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. आत सगळा रंगाचा वास. फरशी एवढी गुळगुळीत की मी अनवाणी पायांनीसुद्धा जपून चालले. खिडकीशी उभी राहिले तर उन्हानं बाहेर सगळं पांढरं झालेलं. लांब कारखान्यांची धुरांडी, आणि त्याच्या पलीकडं काहीच नाही, नुसता हलणारा उजेड. मला वाटलं, हे घर जमिनीला लागलेलंच नाही, दुधावरच्या सायीसारखं वरच्या वर तरंगतंय. चमच्यानं ढकललं तर सरकेल.

मुलगा नळ सोडून बघत होता तेवढ्यात मी बाहेर येऊन समोरच्या दाराची बेल दाबली. जाळीच्या आडून एक तरुण मुलगी दिसली, कानाला मोबाइल.

"कोण पाहिजे?"

"कोणी न्हाई बाई. थोडं विरजण मिळंल का?"

"काय?"

"विरजण. दही लावायला."

तिनं मोबाइल खाली घेतला. "आजी, खाली दुकानात दह्याचा कप मिळतो. लिफ्ट चालू आहे, जाऊन या."

पोरगी वाईट नव्हती. लिफ्ट चालू असल्याचं तिनं आपणहून सांगितलं. पण मुलगा मागं येऊन उभा राहिला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"माय, तू हे काय करून राह्यलीस? लोकं म्हणतील, मागायला आली."

"तू नळ सोडून बघतो, मी दार वाजवून माणसं बघते."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. "बरोबर आहे त्यांचं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या मोबाइलात शेजारणीचा रकाना कुठाय?"

त्याच दिवशी दुसरी एक बंगल्यांची कॉलनी बघितली. तिथं फाटकावर कुत्र्याचं चित्र आणि आत खरं कुत्रं. डबा पिशवीतून बाहेरच आला नाही. बसस्टँडकडं परत येताना मुलगा पुढं पुढं चालत होता आणि मी मात्र, खरं सांगते, मोकळी मोकळी होऊन गेले होते. शेंगदाणे घेतले, नातीला सोलून दिले. कुठंच जायचं नाही, असं पुन्हा वाटायला लागलं होतं.

मग दोन सुट्यांनंतर त्यानं ती गल्ली दाखवली.

नदीच्या पलीकडं, जुन्या भागात. एवढी अरुंद की दोन्हीकडच्या ओट्यांवर बसलेल्या बाया गल्ली न ओलांडता गप्पा मारत होत्या. आम्ही गेलो ती दुपारची वेळ, सगळं पेंगलेलं. कुठंतरी शिलाई मशीन चालायचं आणि थांबायचं. एका घराच्या दारात पापड वाळत घातलेले. वरच्या गच्च्यांवरून साड्या खाली सोडलेल्या, त्यांच्या रंगीत सावल्या जमिनीवर पडून हलत होत्या, आणि आम्ही त्या सावल्यांतून चालत होतो, कधी हिरवे, कधी गुलाबी. मी काही स्वप्नं फार बघत नाही, पण ती गल्ली मला आधी कुठंतरी बघितल्यासारखी वाटली. कुठं, ते आजपर्यंत आठवत नाही.

खाली दोन खोल्या, मोरी, ओटा. वर घरमालकीण. मारवाडी बाई, माझ्याच वयाची, चार पिढ्या जालन्यात गेलेल्या. मराठी आपल्यासारखीच, मधूनच हिंदी. तिनं कुलूप उघडलं आणि आम्हाला म्हणाली, "आरामसे बघा. घाई न्हाई." आणि जिन्यावर बसून आम्हाला न्याहाळत राहिली.

शेजारच्या ओट्यावर चार-पाच पोरी खडे मांडून खेळत होत्या. माझी नात त्यांच्यापासून दोन हात लांब जाऊन उभी राहिली, बोट तोंडात. कोणी तिला बोलावलं नाही, नाव विचारलं नाही. त्यातली एक पोरगी फक्त थोडी सरकली. मान वर न करता. आपली बसल्या बसल्या सरकली आणि शेजारी एका लेकराएवढी जागा झाली. नात तिथं जाऊन बसली.

मी ते बघितलं. सुनेनंही बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. आनंद व्हायला पाहिजे होता ना? पण मला वाटलं, आता संपलं. आता मला हसनाबाद सोडावं लागणार.

"माय, कसं वाटलं?" मुलानं विचारलं.

"घर बरंय," मी म्हटलं. "पण अजून माणसं न्हाई बघितली."

तिथून आम्ही सुनेचा दवाखाना बघायला गेलो. पायी जाता येतो. मग एका हॉटेलात चहा झाला, नातीला भजी पाहिजे होती, ती झाली. त्याआधी दवाखान्यात सून नर्सांच्या खोलीत कोणाला तरी भेटली, तिथं अर्धा तास गेला. मी म्हणत राहिले, मला एकदा परत त्या गल्लीत जायचंय, डबा तसाच राहिलाय. परत आलो तेव्हा दिवस कधी मावळला ते मला कळलं नाही. शहरात काय होतं, रस्त्यावरचे पांढरे दिवे आधीच लागलेले असतात. आकाश कोण बघतं? त्या उजेडात सगळी गल्ली धुतल्यासारखी दिसत होती. कुठंतरी अगरबत्तीचा वास होता.

पहिल्या दारात एक बाई आली, हात ओला. "विरजण? अहो, आज दही लावलंच न्हाई."

दुसऱ्या दारात तिशीतली एकजण. "संपलं हो मावशी, आत्ताच." आणि आतून कढीचा वास येत होता. फोडणीत लसूण घातलेली ताजी कढी. दही संपलं आणि कढी शिजते आहे!

तिसरी घरमालकीण. जिन्याच्या वरूनच म्हणाली, "बाई, आज न्हाई जमणार. सकाळी या ना."

मी रिकामा डबा घेऊन माघारी आले आणि मुलापुढं धरला. "हे बघ. तीन दारं झाली. चमचाभर दही देईना कोणी, आपलं लेकरू काय सांभाळतील? ही गल्ली आपल्याला न्हाई."

बसस्टँडवर त्यानं नातीला उचलून खिडकीजवळ बसवलं.

"बाबा, तू कधी येणार?"

"सुटीला."

"सुटी कुठं असती?"

"लांब असती," तो म्हणाला आणि खाली उतरला. एसटी वळेपर्यंत तो खांबाला टेकून उभा होता. मला तो तिथं फार लहान दिसला, शाळा सुटल्यावर न्यायला कोणी आलं नाही असा.

अर्धा रस्ता सून मांडीवरच्या लेकराला थोपटत होती. मग एकदम हळू आवाजात, माझ्याकडं न बघता बोलली, "आत्याबाई, तुम्हाला गल्ली नकोय. तुम्हाला न्हाई म्हणायला कारण पाहिजे."

"असं काही न्हाई."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये नोकरी सोडल्याचं पत्र होतं. मला ते वाचता आलं.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दिवस मावळत होता. मी तुळशीपुढं दिवा लावून आत आले होते, सून मेथी निवडत होती, नात तिच्या पाठीवर लोळत होती. तेवढ्यात शेजारची नवी नवरी दारात आली, हातात वाटी. लग्न होऊन पंधरा दिवस झाले नसतील.

"काकू, विरजण आहे का थोडं?"

"न्हाई गं बाई," मी म्हटलं. "आज दही लावलंच न्हाई."

ती बरं म्हणून गेली. सुनेचा मेथी निवडायचा हात थांबला. तिनं वर शिंक्याकडं बघितलं. शिंक्यात दह्याचं मडकं होतं, गळ्यापर्यंत भरलेलं, तिच्याच हातानं सकाळी लावलेलं.

"आत्याबाई, खोटं का बोललात तिच्याशी?"

"अगं, दिवे लागले ना! दिवेलागणीला कोणी विरजण देतं का घरातून? तिला कळत न्हाई, नवीन आहे. तोंडावर न्हाई कसं म्हणायचं, म्हणून संपलं म्हणायचं. तुला माहीत न्हाई का हे?"

"मला माहीत आहे," सून म्हणाली.

आणि ती नुसती बघत राहिली माझ्याकडं. मी खाली बसले. आमच्याकडं दिवा लागला की दही, विरजण, मीठ घराबाहेर जात नाही, घरातली बरकत जाते म्हणतात. मी ते आयुष्यभर पाळलं. माझ्या सासूनं पाळलं. आणि काल मी, म्हातारी, ऐन दिवेलागणीला परक्या गल्लीत डबा घेऊन उभी होते आणि मला ज्यांनी नाही म्हटलं त्यांनी माझ्याच तोंडातले शब्द मला परत दिले होते.

सूनबाई हसायला लागली. आधी हळू, मग मेथी सांडेपर्यंत. "म्हणजे जालन्याच्या बाया पास झाल्या, आत्याबाई! तिन्ही पास! नापास कोण झालं सांगू का?"

"सांगू नको," मी म्हटलं आणि मलाही हसू आलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

कारण मी बसल्या बसल्या आठवत गेले. त्या पहिल्या बाईचा हात ओला होता, आणि दुसऱ्या हातात काडेपेटी होती. दुसरीच्या मागं भिंतीवर देवघर होतं आणि त्यातली ज्योत हलत होती. मी बघितलं होतं ते. डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरीही डबा पुढं केला होता. रस्त्यावरच्या दिव्यांनी मला फसवलं, असं मी पुष्कळांना सांगते, आणि ते खोटंही नाही. पण पूर्ण खरं आहे का? मला वाटतं, मनाच्या आत कुठंतरी मला वेळ कळलेली होती. मला नकारच पाहिजे होता, म्हणून मी नकार मिळायच्या वेळेला गेले. आजही मी त्याचा ठाव लावायला बसले की सगळं धुकट होतं, विहिरीत वाकून बघितल्यासारखं. पाणी हलतं आणि चेहरा दिसत नाही.

नात आईच्या पाठीवरून उतरून माझ्याजवळ आली. "आज्जी, ती खड्यांवाली ताई उद्या पण खेळत असंल?"

मी सुनेला म्हटलं, "फोन लाव त्याला."

"आता? कामावर असतील ते."

"लाव जल्दी."

मी सहसा फोन करत नाही, म्हणून तो घाबरलाच. मागं यंत्रांचा आवाज. "माय, काय झालं? सगळे ठीक आहेत ना?"

"ती खोली गेली का कोणाला?"

"कोणती?"

"नदीपलीकडची. ओटा असलेली."

"काय माहीत. तूच तर न्हाई म्हणाली."

"उद्या सकाळी जाऊन विचार. असली तर घे."

"अगं पण, तिथं विरजण..."

"दही मी मडक्यासकट घरून आणीन. तू घे खोली."

तो चालत बाहेर आला असावा, यंत्रांचा आवाज मागं पडला. मग तो म्हणाला, "माय, बराबर बोलून राह्यलीस ना? नंतर न्हाई म्हणशील."

"मी एकदाच येणार आहे," मी म्हटलं. "सारखं सारखं सामान बांधायची ताकद न्हाई माझ्यात."

खोली होती. आम्ही गेलो त्या दिवशी गल्लीतल्या बाया ओट्यांवर उभ्या राहून आमचं सामान मोजत होत्या, कोणाच्या घरात काय आहे हे बघायला तेवढाच एक दिवस मिळतो. कढीवाली पुढं आली, तिनं नातीची सायकल उतरवून घेतली. घरमालकीण जिन्यावरून म्हणाली, "आ गयी बाई! एक विचारू? त्या दिवशी तुम्ही दिवाबत्तीच्या टायमाला विरजण मागायला आल्त्या. तुम्ही गेल्यावर आम्ही सगळ्या बोललो. म्हटलं, बाई खेड्यातली दिसते, साठी ओलांडलेली दिसते, आणि हे पण माहीत न्हाई? ऐसे लोगोंको घर देना क्या?"

"मंग दिलं कसं?"

"ती पोरगी," तिनं नातीकडं बोट केलं, "जाताना खडे बराबर पोरींच्या डब्यात भरून गेली. म्हटलं, म्हातारी कशी का असेना."

सगळ्या हसल्या. मी पण हसले. काय करणार? खरंच बोलत होती ती. मी त्यांना तपासत होते आणि त्या सगळ्या ओट्यांवरून मला तपासत होत्या, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता शाळा सुरू झाली आहे. मला इथं सगळं आवडतं असं नाही. पाणी येणार त्या दिवशी गल्लीत भांडणं होतात, आणि पहाटे उठल्यावर मी अजून हसनाबादच्या घरातल्या दाराकडं चालायला लागते, आणि भिंतीला हात लागतो. मग उभी राहते थोडा वेळ त्या भिंतीपाशी. कोणाला सांगत नाही.

पण आज दुपारची सांगते. मुलगा रात्रपाळी करून सकाळी आला होता. सुनेला आज सुटी. नात शाळेतून आली, जेवली. मी भांडी विसळून खोलीत बघते तर तिघंही झोपलेले. एकाच सतरंजीवर, आडवेतिडवे. मुलाचा हात सुनेच्या उशीवर, नात मधेच, एक पाय बापाच्या पोटावर टाकून. पंखा फिरत होता आणि दारातून आलेल्या उजेडात कोणाच्या तरी साडीची सावली त्यांच्यावरून हळूहळू हलत होती. कामाला जायची घाई नव्हती, एसटी गाठायची नव्हती. मी दार ओढून घेतलं आणि ओट्यावर येऊन बसले.

तेवढ्यात भाजीवाला कोपऱ्यावर आला. मोठ्या गळ्याचा माणूस, दोन गल्ल्या ऐकतात. त्यानं तोंड उघडलं आणि मी ओठांवर बोट ठेवलं.

"का हो आज्जी? आजारी आहे का कोणी?"

"न्हाई," मी म्हटलं. "सगळे घरी आहेत."

त्याला काय समजलं कोणास ठाऊक. त्यानं मान हलवली आणि गाडा हातानं उचलल्यासारखा, चाकं न वाजवता, आमच्या दारावरून पुढं नेला.